पूरबांध बांधताना आणि मजबूत करताना या चुका टाळा

परवा बिहारमधल्या सुपौलहून फोन आला. मुलगा कराडचा, नुकताच पदवी घेऊन कोसी नदीच्या तटबंधाच्या, म्हणजे काठच्या पूरबांधाच्या, कामावर रुजू झालेला. ख्यालीखुशाली झाल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, माथा अजून मीटरभर उचलला की बांध सुरक्षित झाला असं धरायचं ना?"

हा प्रश्न ऐकला की मला धास्ती वाटते, कारण पंचवीस वर्षांत तो मला ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांच्यापैकी बहुतेकांनी पायथ्याकडे कधी पाहिलेलंच नव्हतं. उंची डोळ्यांना दिसते. टेप लावून मोजता येते, फोटोत येते, बिलातही येते. बांध हरतो तो मात्र न दिसणाऱ्या जागी. पायाखालच्या वाळूत, जुन्या-नव्या भरावाच्या सांध्यात, एखाद्या पाइपाच्या कडेला, उंदराच्या बिळात.

कोसीचंच उदाहरण घ्या. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमधल्या कुसहा इथे, भीमनगरच्या बराजपासून (दरवाज्यांच्या बंधाऱ्यापासून) वरच्या अंगाला सुमारे १२ किलोमीटरवर, पूर्वेकडचा तटबंध फुटला. हा तटबंध साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी आखलेला होता. त्या दिवशी नदीत दीड लाख क्युसेकसुद्धा पाणी नव्हतं. माथ्यावरून एक थेंब गेला नाही. नदी पूर्वेला सरकली, आधी तिने ठोकरी, म्हणजे प्रवाह दूर ढकलायला बांधापासून नदीत काढलेले आडवे बांध, खाल्ल्या आणि मग बांधाचा पायथा. पुढे ती आपल्या जुन्या पात्रांतून सुपौल, मधेपुरा, अररियावर पसरली आणि तीस लाखांहून जास्त माणसांचं आयुष्य विस्कटलं. तिथे मीटरभर जास्त उंची असती तर काय फरक पडला असता?

माझी पहिली दहा वर्षं महाराष्ट्रात मातीच्या धरणांवर गेली. नंतर कोसीवर तटबंध उंच आणि रुंद करण्याच्या कामांवर होतो, मधले दोन हंगाम ब्रह्मपुत्रेवर. पुढे लिहिलेल्यातल्या बऱ्याच चुका मी इतरांच्या हातून होताना पाहिल्या. एक माझ्या स्वतःच्या सहीने झाली. सुरुवात तिच्यापासूनच करतो.

जुन्या बांधावर नवी माती नुसती ओतू नका

बांध मजबूत करायचा म्हणजे साधारणपणे गावाकडच्या उताराला नवा भराव जोडून त्याची रुंदी वाढवायची आणि मग माथा उचलायचा. घाईचा माणूस काय करतो? डंपर माथ्यावर नेतो, उतारावरून माती खाली सोडतो, जेसीबीने ती सारखी करतो, वरून रोलर फिरवतो. चार दिवसांत बांध गुबगुबीत दिसायला लागतो. पाहणीला आलेले साहेबही खूश होतात.

कुसहानंतरच्या एका हंगामात माझ्याकडे असा चारेकशे मीटरचा तुकडा होता. मे संपत आला होता, १५ जूनपासून पूरकाळ धरला जातो आणि ठेकेदार मागे पडला होता. जुन्या उतारावर गुडघाभर गवत होतं. ते खरवडायचं, उतारात पायऱ्या कापायच्या आणि मग तळापासून थराथराने भरत वर यायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. धरणावर मी ते शेकडो वेळा करून घेतलं होतं. पण ठेकेदाराचा माणूस रोज सांगायचा की पायऱ्या कापत बसलो तर पावसाच्या आत काम उरकणार नाही, आणि अर्धवट बांधापेक्षा भरलेला बांध बरा. मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचंच होतं.

आमच्या रोलरवर सोलापूरकडचे एक मामा होते, माझ्याबरोबर धरणाच्या कामापासून असलेले. त्यांनी एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, नवं जुन्याला टेकलंय, धरलेलं नाही. कडेला रोलर नेला की खालून हललेलं कळतं मला." मी म्हणालो, "मामा, एवढा पावसाळा निघू द्या, नोव्हेंबरात बघू." आणि मोजमाप वहीवर सही केली.

जूनच्या शेवटी दोन दिवस झड लागली. दुसऱ्या रात्री पहारेकऱ्याचा निरोप आला की माथ्यावर भेग पडली आहे. जाऊन पाहिलं तर जुना भाग आणि नवा भाग जिथे मिळतो, बरोबर त्या रेषेवर जवळजवळ सत्तर मीटर लांब भेग. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. पहाटेपर्यंत नवा भराव एका अखंड लादीसारखा मीटरभर खाली बसला आणि त्याचा पायथा शेतात फुगून आला. नदी तेव्हा बांधाच्या निम्म्यावरही नव्हती. पाऊस भेगेत शिरला, सांधा ओला झाला आणि लादी घसरली, इतकं सरळ होतं ते.

त्या रात्री नवख्या मुलांनी आणखी एक चूक करायला घेतली होती, ती अजूनही सगळीकडे दिसते. भेग बुजवायला ते वरून मातीची पोती टाकत होते. घसरणाऱ्या भरावाच्या डोक्यावर वजन टाकलं की तो अधिक घसरतो. वजन द्यायचं ते पायथ्याला. आम्ही पोती उतरवून पायथ्याशी रचली, भेगेवर ताडपत्री अंथरली, पावसाचं पाणी दूर जावं म्हणून माथ्यावर चर काढले. बांध वाचला. नदीने त्या वर्षी फार जोर केला नाही, हे वाचण्याचं मोठं कारण.

नोव्हेंबरात तो भाग उकरला तेव्हा सांध्यात गवताचा कुजका पिवळा थर गादीसारखा सपाट पडलेला दिसला. मामा शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. तेव्हापासून सांधा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एकाही वहीवर सही केलेली नाही.

आता माझी पद्धत अशी. गवत आणि मुळांची माती वीतभर खोलीपर्यंत खरवडून बाहेर नेऊन टाकायची. तीच भरावात ढकलायला बघणारे असतात, त्यांना कामावरून उठवतो. मग जुन्या उतारात पायऱ्या कापायच्या, इतक्या रुंद की रोलरचं चाक त्यांच्यावर पूर्ण बसलं पाहिजे. पायरीचा पृष्ठभाग पाणी मारून ओलसर करायचा, नख्यांनी थोडा उकरायचा आणि मगच पहिला थर. ढिली माती २५ सेंटिमीटरपेक्षा जाड पसरू द्यायची नाही. मी खिशात खूण केलेली काठी ठेवतो आणि थरात खुपसून बघतो. कागदावर २५ लिहून प्रत्यक्षात ५० पसरणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी खोड आहे. वरचे सहा इंच टणक होतात, खालचे तसेच भुसभुशीत राहतात आणि वरून चालणाऱ्याला काहीच कळत नाही.

ओलाव्याचंही तसंच. कोसीची माती म्हणजे बारीक पोयट्याची, अभ्रक चमकणारी. महाराष्ट्रातला माणूस तिथे हमखास फसतो. आपल्याला गाभ्यात काळी चिकणमाती आणि बाहेरून मुरमाचं कवच अशी सवय; तिथे मैलोन्‌मैल मुरूम नाही, दगड तर फार लांबून आणावा लागतो. ही माती कोरडी असली तर दबत नाही, जरा जास्त ओली झाली तर रोलरखाली स्पंजासारखी हलते. योग्य ओलाव्याचा पट्टा अगदी अरुंद. प्रयोगशाळेतून प्रॉक्टरचा आकडा, म्हणजे ती माती दाबून जास्तीत जास्त किती घट्ट होते तो, आणाच; त्याच्या निदान ९५ टक्के घनता मिळते का हे कोअर कटर (मातीचा नमुना काढायची नळी) ठोकून तपासा. पण ट्रक उतरत असताना मी मूठ वापरतो. माती मुठीत दाबायची, लाडू वळला पाहिजे. कमरेच्या उंचीवरून तो जमिनीवर सोडायचा, दोन-तीन तुकडे झाले तर काम सुरू. भुगा झाला तर पाण्याचा टँकर बोलवा. चपटा झाला तर माती पसरून वाळू द्या आणि जेवायला जा.

आणखी एक. बांधाच्या कडेला रोलर पूर्ण जात नाही, चालकाला उलटायची भीती असते आणि ती रास्त आहे. म्हणून भराव ठरलेल्या रेषेच्या बाहेर फूट-दीड फूट जास्त करायचा, दाबायचा आणि शेवटी ती जास्तीची कड कापून टाकायची. ठेकेदार म्हणतो, फुकटची माती गेली. जाऊ द्या.

पायथ्याशी वाळू उकळत असेल तर तिचं तोंड बंद करू नका

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती चांगल्या मनाची माणसं करतात. पाणी गळतंय, मग बूच मारा, असं कुणालाही वाटेल. घरातल्या नळाला ते लागू आहे, पूरबांधाला नाही.

ऑगस्टमधली रात्र. नदी चार दिवस बांधाला लागून उभी. बांधापासून पंधराएक मीटरवरच्या भाताच्या शेतातून एक म्हातारे चाचा कंदील घेऊन माथ्यावर चढून आले आणि म्हणाले, "साहब, खेत खौल रहा है." आम्ही पोहोचलो तोवर तिथल्या तरुण सुपरवायझरने शहाणपणा करून त्या जागेवर चाळीस पोती रचली होती आणि वर स्वतः उभा राहिला होता. पाणी थांबलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद होता, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा, कुणी शिकवलंच नव्हतं.

वीस मिनिटांत पायथ्याच्या आणखी जवळ दोन नवी तोंडं फुटली. त्यांतलं एक मनगटाएवढं जाड, आणि त्यातून करडी वाळू भळभळत बाहेर येत होती. ज्वालामुखीसारखा छोटा शंकू तयार होत होता.

होतं काय, ते नीट समजून घ्या. अशा नद्यांच्या काठी वर मीटर-दोन मीटर चिकट मातीचा थर असतो आणि त्याखाली वाळू. पूर चढला की नदीच्या पाण्याचा दाब त्या वाळूतून बांधाखालून गावाकडे पोहोचतो. वरच्या मातीचं झाकण जिथे पातळ असेल तिथे ते फुटतं आणि पाणी उसळून वर येतं. नुसतं पाणी आलं तर एवढं भय नाही. ते वाळूचे कण घेऊन आलं तर मात्र प्रत्येक कणाबरोबर बांधाखाली पोकळी होते आहे. आणि ती पोकळी उलट्या दिशेने वाढते, गावाकडून नदीकडे. ज्या क्षणी ती नदीला मिळते, त्यानंतर तुमच्याकडे काही मिनिटं असतात. तोंड बंद केलंत तर दाब जात नाही, तो फक्त दुसरी कमकुवत जागा शोधतो, आणि ती जागा बहुधा पायथ्याजवळची असते.

त्या रात्री आम्ही पोती उचलून घेतली. सगळ्या तोंडांना मिळून भोवती पोत्यांची एक गोल विहीर उभी केली, रुंद तळाची, वीट रचावी तशी सांधे चुकवून. विहिरीत पाणी साठत गेलं तसा त्याचाच उलटा दाब खालच्या पाण्यावर बसत गेला. इथे हात आवरता आला पाहिजे. विहीर इतकीच उंच करायची की पाणी गढूळ येणं थांबावं. पाणी पूर्ण थांबेपर्यंत उंच करत गेलात तर पुन्हा बूच मारल्यासारखंच झालं. कमरेच्या थोडं वर गेल्यावर आमच्या विहिरीतलं पाणी निवळू लागलं. वरच्या कडेला खाच ठेवून त्यात पाइपाचा तुकडा बसवला आणि स्वच्छ पाणी शेतात वाहू दिलं. उजाडेपर्यंत बाराशे पोती लागली. पुढचे नऊ दिवस, रात्रंदिवस, तिथे माणूस बसवून ठेवला होता.

गढूळ की स्वच्छ, हे टॉर्चच्या उजेडात डोळ्यांनी ठरवू नका. स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, दहा मिनिटं हलवू नका, मग अलगद ओतून तळ बघा. तळाला बोटाला लागेल इतकी वाळू असेल तर धावाधाव करा. वाळू नसेल तर वेळ लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पेला भरा. माझ्या बॅगेत असे चार पेले कायम असतात.

पाझर एका तोंडातून न येता सगळ्या पट्ट्यातून येत असेल तर उलटा फिल्टर टाकायचा. आधी जाडसर रेती, तिच्यावर बारीक खडी, वर मोठी खडी. पाणी जातं, कण अडतात. रेती न टाकता थेट मोठे दगड टाकणारे मी पाहिले आहेत. दगडांच्या फटींतून वाळू आरामात निघून जाते आणि वर दगड रचलेले असल्यामुळे ती जाताना दिसतही नाही.

पूर ओसरल्यावर मी त्या जागेची जुनी कागदपत्रं काढली. ज्या शेतात वाळू उकळली, त्याच शेतातून दोन वर्षांपूर्वी आम्ही भरावासाठी माती उचलली होती. जमिनीचं झाकण आमच्याच हातांनी पातळ झालं होतं. जवळची माती स्वस्त पडते, वाहतूक वाचते, ही बचत अशी वसूल होते. पुढच्या उन्हाळ्यात तिथे पायथ्यालगत वीस मीटर रुंद पसरट भराव टाकून झाकण पुन्हा जाड केलं आणि त्याखाली पाणी निघायला रेतीचा थर ठेवला.

म्हणून मातीचा खड्डा पायथ्याजवळ नको. गावाकडच्या बाजूला तर मी पन्नास पावलांच्या आत फावडंही मारू देत नाही, आणि नदीच्या बाजूला खड्डे सलग चरासारखे न खणता मध्ये मध्ये आडवे बांध सोडून खणतो. सलग चर ठेवला तर पुरात नदीला बांधालगत वाहायला आयती वाट मिळते. मासेमारीची तळी आणि हातपंपही याच हिशेबात धरा. पुराच्या दिवसांत बांधाजवळचा एखादा हातपंप दांडा न हलवता आपोआप वाहायला लागला, तर त्याचा अर्थ खालचा दाब जमिनीच्या वर चढला आहे. गावातल्या बायकांना ही गोष्ट आपल्याआधी कळते. त्यांना विचारत चला.

बांधातून पाइप नेऊ नका

शेतीचं पाणी, गटाराचं पाणी, कुणाची तरी पाइपलाइन, काहीही असो. पाइपाच्या खालच्या कुशीत रोलर जात नाही, तिथे माती हाताने धुमसावी लागते आणि ती कुणी मनापासून धुमसत नाही. पाणी पाइपाच्या आतून जाण्याऐवजी बाहेरून त्याच्या अंगाला धरून वाट काढतं. पुण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते मातीचं धरण होतं, आणि पाणी सोडायच्या मोरीचं काम पूर्ण व्हायच्या आत पाणी चढल्यावर तिच्या वरचा भराव खचत गेला होता. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरीही. पाइप टाळता येत नसेल तर तो पक्क्या काँक्रीटमध्ये घ्या, नदीकडच्या तोंडाला झडप बसवा, आणि गावाकडच्या टोकाशी त्याच्या भोवती रेतीचा फिल्टर ठेवा, म्हणजे अंगाला धरून आलेलं पाणी माती न घेता बाहेर पडेल. आणि ती झडप मे महिन्यात एकदा स्वतः उघडून-मिटून बघा. गंजून अडकलेल्या झडपा मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत.

बिळं आणि मुळं

२०१९ च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांनी धरण पोखरलं का, अशी चर्चा महाराष्ट्रभर झाली. मला त्या चर्चेतून एवढंच सांगायचं आहे की बीळ कुणाचंही असो, ते एका रात्रीत पडत नाही. गळती आधी दिसते आणि गावकरी ती आधी सांगतात. तिवऱ्याच्या लोकांनीही सांगितली होती. कोसीवर उंदीर, घुशी, कोल्हे आणि साळिंदरं बांध पोखरतात. बिळात नुसती माती कोंबून तोंड लिंपणं म्हणजे काहीच न करणं. बीळ संपेपर्यंत उकरा, मग थराथराने ओली माती धुमसत भरा. खोल असेल तर चिकणमाती आणि सिमेंटचं पातळ खीर केल्यासारखं मिश्रण ओता आणि किती बादल्या गेल्या ते लिहा. एकदा एका टीचभर तोंडाच्या बिळात सत्तावीस बादल्या गेल्या होत्या.

झाडांबद्दल लोक भावुक होतात. मलाही झाडं आवडतात, पण बांधाच्या उतारावर नाही. वादळात झाड मुळासकट उन्मळलं की बांधाचा तेवढा तुकडा घेऊन जातं, आणि तोडलेल्या झाडाची मुळं कुजून पाण्याला नळी तयार करून देतात. उतारावर आखूड, दाट गवत हवं. झाडं पायथ्यापासून दूर लावा, मनसोक्त लावा.

काळ्या मातीवर आंधळा विश्वास

ही खास आपल्याकडची चूक. काळी माती पाणी अडवते म्हणून अख्खा बांध तिचाच करायचा. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिला पूर त्या भेगांतून शिरतो. कोरडेपणाने बांध फुटू शकतो यावर विश्वास नसेल तर नेदरलँड्सचं उदाहरण बघा. ऑगस्ट २००३ मध्ये, कडक उन्हाळ्यात, विल्निस गावातला जुना पीटचा (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) बांध वाळून हलका झाला आणि कालव्याच्या पाण्यानेच सरकला. पाऊस नव्हता, पूर नव्हता. कृष्णाकाठी काळ्या मातीचं काम करणाऱ्यांनी तिच्यावर मुरमाचं किंवा वेगळ्या मातीचं फूट-दीड फूट पांघरूण घालावं, आणि मे अखेरीस माथ्यावरून एकदा मान खाली घालून चालावं.

थोडक्यात सांगण्यासारखं बाकीचं

फ्रीबोर्ड, म्हणजे पुराच्या पातळीच्या वर माथ्यापर्यंत ठेवलेली मोकळी उंची, ही जास्तीच्या पाण्याची सोय नव्हे. मानकात ३,००० क्युमेकपर्यंतच्या (सेकंदाला घनमीटर) प्रवाहाला १.५ मीटर आणि त्याहून मोठ्याला १.८ मीटर धरतात ते लाटा आणि अंदाजातल्या चुकांसाठी. त्यात पूर बसवायला जाऊ नका.

बांधाची रुंदी उंचीवरून ठरवू नका, पाझरावरून ठरवा. पाझराची रेषा चिकणमातीत साधारण चारास एक (आडवं चार मीटर गेल्यावर एक मीटर खाली), वाळूत सहास एक उतरते आणि ती गावाकडच्या उताराबाहेर पडता कामा नये. माथा मीटरभर उचलला की पायथा किती मीटर सरकवावा लागेल हे आधी कागदावर काढा. जमीन मिळणार नसेल तर उंचीचा विचारच करू नका.

ताजा भराव बसतो. तेवढी उंची आधीच जास्त द्या, नाहीतर पुढच्या वर्षी माथ्याला पोक येतो आणि पाणी नेमकं तिथूनच जातं.

दोन ठेकेदारांच्या हद्दीचा सांधा कुणाचाच नसतो. तो मी माझा समजतो.

माथ्यावर चढणारे गाडीरस्ते, रॅम्प, बांधात खाच पाडून करू नयेत. बाहेरून भराव जोडून करावेत. ट्रॅक्टरवाले वर्षानुवर्षं एकाच वाटेने चढून खाच पाडतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना नीट रॅम्प बांधून द्या.

पावसाने उतारावर पडलेल्या घळी बोटभर असतानाच भरा.

जिओबॅग, म्हणजे वाळूने भरायच्या जाड कापडी पिशव्या, ठासून भरू नका. ऐंशी टक्के भरलेली शेजारणीला बिलगते, गच्च भरलेली गोट्यासारखी घरंगळते. पायथ्याशी नदीचा तळ किती खणला गेला आहे हे शिशाचा गोळा सोडून मोजल्याशिवाय त्या टाकूही नका. वरून दिसणाऱ्या उताराला सुंदर पिचिंग (दगडी अस्तर) आणि पाण्याखाली खोल डोह, असं काम मी ब्रह्मपुत्रेवर पाहिलं आहे. दोन रात्रींत पिचिंग पाण्यात गेलं.

ठोकरीचं नाक खचायला लागलं तर त्याच दिवशी मोठा गजर करा. नाक गेलं की ठोकर जाते आणि ठोकर गेली की नदीची पुढची गाठ थेट बांधाशी असते.

नदीला बांधांच्या मध्ये कोंडलं की गाळही मध्येच पडतो. कोसीचं पात्र काही ठिकाणी बाहेरच्या शेतांपेक्षा उंच झालं आहे आणि दोन तटबंधांच्या आत तीनशेहून जास्त गावं आहेत. बांध उंच करायचा प्रत्येक ठराव लिहिताना ती गावं नजरेसमोर ठेवा. आपण बाहेरच्यांचं पाणी त्यांच्या अंगणात उभं करत असतो, आणि त्यांच्या घरांची, होड्यांची, शाळांची सोय हा कामाचाच भाग आहे.

रात्रीचा पहारा गाडीतून होत नाही. दोन माणसं हवीत, एक माथ्यावरून, एक गावाकडच्या पायथ्यावरून, दोघंही चालत. पायथ्यावरच्या माणसाला मी सांगतो, हळू चाल, थांबून ऐक. उसळणाऱ्या पाण्याचा आवाज अंधारात आधी ऐकू येतो, मग दिसतो.

कराडच्या मुलाला मी फोनवर उंचीचं काहीच उत्तर दिलं नाही. म्हटलं, तुझ्या तुकड्यात गावाकडच्या पायथ्यापासून थोडं लांब, नदी खाली असेपर्यंत, दर शंभर मीटरवर हाताने ऑगर (जमिनीत भोक पाडायचा गिरमिट) फिरवून तीन मीटर खोल भोक घे. दर अर्ध्या मीटरची माती वेगळ्या पिशवीत भर, चिठ्ठी लाव, आणि भोक चिकणमातीने धुमसून बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नको. तो थोडा नाराज झाला, हे प्रयोगशाळेचं काम आहे म्हणाला. पण केलं त्याने. आठवड्याने रात्री दहाला पुन्हा फोन आला, आवाज बदललेला. "सर, पहिल्या चार भोकांत दोन-अडीच मीटरपर्यंत चिकणमाती लागली. पाचव्यात साठ सेंटिमीटरवरच वाळू आहे. आणि त्याच्या शेजारी कुणाचं तरी माशांचं तळं आहे."

मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी तळ्याच्या मालकाकडे चहाला जा.